चढावर सोडलेला ठोका

कान्हे, ता. मावळ
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अम्मारा हिला जाहिदाचाचीचा सलाम आणि दुवा.

तू मला ओळखणार नाहीस. लोणावळ्याचा चाँद ब्रास बँड ज्यांचा, त्या चाँदभाई तांबोळींची मी बायको. तुझे वडील नवाज मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा आमच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचे. पुढे बेंजो टाकून गिटार घेतली, मुंबईला गेले आणि सगळ्या देशाचे झाले. तुझा पत्ता निवृत्तीभाऊंनी दिला. ते आमच्या बँडचे क्लॅरिनेटवाले, दोन घरं सोडून राहतात. ते म्हणाले फोन लावून देतो, पण फोनवर मला काही ऐकू येत नाही. जन्मभर ढोलवाल्याच्या घरात काढलेली बाई मी, कान शाबूत राहतील कसे? म्हणून हे पत्र.

जुलैमध्ये नवाज गेला तेव्हा मी इथे नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला देहूरोडला भाचीकडे, शहिस्ताकडे, महिनाभर होते. परत आले तेव्हा कळलं की एवढ्या मोठ्या गाणाऱ्याने शेवटची जागा आमच्या गावच्या चार गुंठ्यांच्या कब्रस्तानात मागून घेतली. फार वाईट वाटलं बाळा. तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला तरी मी हवी होते.

आता तक्रार. माझं घर कब्रस्तानाच्या भिंतीला लागून आहे. आमच्यात बायका आत जात नाहीत, ते तुला माहीतच असेल. त्यामुळे अकरा वर्षं मी मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहून भिंतीवरून बघते. चाफ्याखालची पहिली कबर आमच्या ह्यांची. रोज सकाळी तिथूनच फातिहा पढते, घरातल्या दोन गोष्टी सांगते, मग चहा ठेवते. दिवाळीच्या आधीपासून तिथे पोरापोरींची रीघ लागली आहे. कुणीतरी फोनच्या नकाशावर खूण करून ठेवली आहे म्हणे. कान्हे स्टेशनला उतरतात आणि सरळ चाफ्याखाली. तुटलेल्या तारा ठेवतात, गिटारीच्या त्या तिकोनी टिकल्या ठेवतात. एकाने तर पेटवलेली सिगरेट ठेवली. ह्यांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही! मी भिंतीवरून ओरडले, तर बिचारा सिगरेट विझवून “सॉरी आजी” म्हणाला आणि पाया पडायला लागला. पोरं वाईट नाहीत. पण पत्ता चुकलाय.

निवृत्तीभाऊंना विचारलं, नवाजची कोणती? तर म्हणाले, “तिकडं पल्याड, बाभळीपाशी,” आणि विषय बदलला. तू एक कर. तुझ्या वडिलांच्या कबरीवर नावाचा लहानसा दगड लाव, म्हणजे ही पोरं तिकडे जातील आणि आमच्या माणसाला निवांतपणा मिळेल. एवढंच मागणं आहे.

जाहिदा चाँदभाई तांबोळी


बंगळुरू
२ डिसेंबर २०२४

आदरणीय जाहिदाचाची,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाबांनी तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय की मी तुम्हाला ओळखत नाही असं कसं म्हणू? तुम्ही बँडच्या पोरांना एका ताटात वाढायचात आणि जो हळू खाईल त्याच्या पुढ्यात आणखी एक भाकरी टाकायचात, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं आहे. मला शंका आहे, ते मुद्दाम हळू खात असावेत.

दगडाचं मात्र जरा अवघड आहे. आपलं नाव कुठेही लावू नये, असं बाबा लिहून गेले आहेत. मला थोडा वेळ द्याल का? मे महिन्यात सुट्टी मिळेल, तेव्हा येऊन समोरासमोर बोलावं असं वाटतं. मीही आत गेलेले नाही चाची. त्या दिवशी मी गाडीतच बसून होते. आपण दोघी बाहेरच्याच.

तोवर मला चाचांबद्दल लिहाल? बाबांच्या सगळ्यात गाजलेल्या ‘चढण’ या गाण्यात दर चौथ्या फेरीला ढोलाचा एक ठोका पडतच नाही. त्या सुटलेल्या ठोक्यावर लोकांनी लेख लिहिलेत, एका मुलाने त्यावर पीएचडी चालवली आहे. बाबांना विचारलं की ते फक्त म्हणायचे, चाँदचाचांना विचारा. आणि एक, चाचा कधी मुंबईला गेले होते का?

तुमची,
अम्मारा


कान्हे
२८ डिसेंबर २०२४

चि. अम्मारा हिला अनेक दुवा.

पीएचडी! त्या मुलाला म्हणावं, तुझी पीएचडी आमच्या जानूच्या दम्यावर चाललीय.

ऐक. जानू आमचा युफोनियमवाला. वाद्य गड्याच्या निम्म्या वजनाचं आणि गडी दम्याचा. लोणावळ्यात वरात म्हणजे चढ आलाच. सपाटीला जानू ठीक असायचा, चढ लागला की त्याची फुंक तुटायची आणि नवरीकडची माणसं हसायची. म्हणून ह्यांनी एक युक्ती काढली. चढावर दर चौथ्या फेरीला ढोलाचा एक ठोका सोडून द्यायचा. सगळा बँड तेवढ्यात पाऊल थांबवणार आणि जानू श्वास घेणार. लोकांना वाटायचं ही बँडची ऐट आहे. पुढे पुढे तर सपाटीलाही फर्माईश यायला लागली, “चाँदभाई, ते चढावरचं वाजवा!” नवाज दहा वर्षं त्या ठोक्यावर चालला. त्याच्या गाण्यात तो येणार नाही तर काय येईल? त्याने बँडचं नावही ‘बँकर’ ठेवलं होतं ना, घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावरून? मुंबईकरांना वाटलं, पोरं बँकेत कामाला आहेत.

तुझे आजोबा ट्रक घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, हे तुला माहीत असेलच. नवाज आमच्याच ओट्यावर वाढला. अल्लाने आम्हाला मूल दिलं नाही. ह्यांनी त्याला कधी बेटा म्हटलं नाही, “ए बेंजो” म्हणायचे. पण त्याला ताप आला की रात्रभर जागायचे ते हेच.

मुंबईला एकदाच गेले होते, ब्याण्णव साली. बँडच्या नव्या गणवेशाचं कापड बघायला. तीन दिवस राहिले आणि रिकाम्या हाताने आले. म्हणाले, मनासारखं कापड नाही मिळालं. मी पुढे वीस वर्षं चिडवलं, अख्ख्या मुंबईत ह्यांच्या अंगाला लागेल असं कापड नाही! हसायचे नुसते. त्याच साली नवाजची पहिली कॅसेट आली. ती ह्यांनी लोणावळ्यात दुकानात जाऊन विकत घेतली. आमच्याकडे कॅसेट वाजवायचं यंत्रसुद्धा नव्हतं. नुसता आतला घडीचा कागद उलगडून वाचत बसले. मी विचारलं, काय बघता एवढं? म्हणाले, “पोराचं नाव बघतोय.”

आता कामाचं. गेल्या रविवारी पुण्याची चार माणसं टेप घेऊन आली आणि चाफ्याखालची कबर मापून गेली. बरसीला, दोन जुलैला, काळा ग्रॅनाइट बसवणार म्हणे, वर गिटारीचं चित्र आणि ‘नवाज’ असं सोनेरी अक्षरांत. माझ्या माणसाच्या छातीवर दुसऱ्याचं नाव? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नवाजवर माझी माया आहे, पण माझ्याकडे आता नवऱ्याची म्हणून एवढीच सहा फूट जागा आहे, आणि तीही भिंतीपलीकडून बघायची. त्या लोकांना तू लिहून कळव की तुझ्या वडिलांची कबर ती नाही. मेपर्यंत मला थांबता येणार नाही.

चाची


बंगळुरू
१२ जानेवारी २०२५

आदरणीय चाची,

तुमचं पत्र दोन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरतेय. त्या लोकांना मी तसं लिहू शकत नाही, कारण ते खोटं होईल.

चाची, पोरांचा पत्ता चुकलेला नाही. बाबा चाफ्याखालीच आहेत. चाचांच्या जागेत.

बाबांनी हॉस्पिटलमध्ये मला लिहून घ्यायला लावलं होतं. जसंच्या तसं लिहिते. ‘मला कान्ह्याला न्या. आपल्याकडे जुन्या जागेत घरातल्याच माणसाला ठेवतात, बापाच्या जागी लेकाला. मला चाँदचाचांच्या जागी ठेवा. जाहिदाचाचीला विचारूनच ठेवा. माझं नाव लावू नका. मीही त्यांचं लावलं नव्हतं.’

शेवटचं वाक्य मला समजलं नाही, म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. चाचा मुंबईला कापड बघायला गेले नव्हते. ‘चढण’च्या रेकॉर्डिंगला गेले होते. बँडच्या मुंबईच्या ड्रमरला तो सोडायचा ठोका काही केल्या जमेना. हात थांबायचा, पण थांबल्यासारखा वाटायचा नाही. मग बाबांनी चाचांना बोलावलं. तीन दिवस चाचांनी आपला बँडचा ढोल वाजवला. आज लोक ऐकतात तो ढोल चाचांचा आहे. पण कागद छापायची वेळ आली तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, रॉकच्या कॅसेटवर वरातीच्या बँडवाल्याचं नाव बरं दिसणार नाही. बाबा बावीस-तेवीस वर्षांचे होते. गप्प बसले. कागदावर छापून आलं, ‘ड्रम्स: स्टुडिओचे वादक’. चाचा त्यानंतर एकवीस वर्षं जगले. दर ईदला बाबा माफी मागायची ठरवून कान्ह्याला यायचे आणि चाचा “ए बेंजो, खा आधी” म्हणून ताट पुढे करायचे. ते राहूनच गेलं.

तुम्हाला विचारायचं होतं. जमातीचे वडीलधारेही म्हणाले, आधी चाँदभाईंच्या घरातून हो येऊ द्या. मी निवृत्तीकाकांना फोन केला. ते म्हणाले, काल ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर रडायचं नाही म्हणून बजावलंय, आत्ता सांगितलं तर डोळा जाईल, त्यांच्या वतीने मी हो म्हणतो. मी ऐकलं. मला ऐकायचंच होतं चाची, कारण बाबांना जास्त वेळ ठेवता येत नव्हतं. तुम्ही परत आलात तेव्हा माती ताजी दिसली असेल. पावसात खचली होती म्हणून भर घातली, असं काकांनी तुम्हाला सांगितलं, हेही मला माहीत आहे.

आमचं चुकलं. आता त्यांना तिथून हलवता येत नाही. पण त्या जागेवर काय असावं आणि काय नसावं हे तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तेच होईल.

अम्मारा


बंगळुरू
५ मार्च २०२५

आदरणीय चाची,

रमजान मुबारक. पन्नास दिवस झाले, तुमचं पत्र नाही. निवृत्तीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, माझ्याशी पण बोलत नाहीत.

पुण्याच्या लोकांना मी ग्रॅनाइट थांबवायला सांगितलं आहे. थांबले आहेत, पण रागावलेत. ‘चढण’वाली ती पहिली कॅसेट आता नव्याने निघतेय, तिच्या कागदाचा पहिला नमुना सोबत पाठवते. दुसरी ओळ वाचा. तेहतीस वर्षं उशीर झाला आहे आणि याने काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

तुम्ही माझ्यावर हवं तेवढं रागवा. फक्त सकाळची फातिहा थांबवू नका.

अम्मारा


कान्हे
१४ जून २०२५

चि. अम्मारा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. रागावले होते म्हणून लिहिलं नाही. थोडा राग अजून शिल्लक आहे, तो तू आलीस की काढीन.

पहिलं पत्र वाचलं त्या दिवशी मागचं दार लावून आतून कडी घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला सगळ्यात जास्त कशाचं लागलं सांगू? ऑगस्टपासून मी रोज त्या मातीशी बोलत होते. शहिस्ताच्या सुनेशी तिचं कसं पटत नाही, माझ्या गुडघ्याचं, गॅसवाल्याचं. आणि ते सगळं नवाज ऐकत होता! मेला तोंड दाबून हसला असेल.

ईदला निवृत्तीभाऊ नेहमीसारखे पायरीशी येऊन उभे राहिले. “वैनी, यंदा शिरखुर्मा न्हाई का?”

“हाय. पर आदी सांगा, माज्या माणसाची जागा कुणाला इचारून दिली?”

ते पायरीवर बसलेच. “इचारणार व्हतो. पर डॉक्टर म्हनला व्हता, रडायचं न्हाई. तुमचा डोळा जाईल म्हून भ्यालो. मग म्हैना सरला, आन माजंच तोंड उघडंना.”

“खांदलं तवा काय निगालं?”

“मी भाईर हुबा व्हतो वैनी. खांदणाऱ्यानं वर बगून सांगितलं, काय बी न्हाई, निस्ती माती. तांबडी, भुसभुशीत. त्यात ठिवला नवाजला.”

“कुणी रडलं का?”

“म्या रडलो. मला कुटं मोतीबिंदू व्हता.”

मी वाटी भरून दिली. काय करणार? पस्तीस वर्षं ह्यांच्या उजव्या बाजूला क्लॅरिनेट वाजवत चाललेला माणूस आहे.

तरी दार काही उघडलं नाही. मग एक दिवस ट्रंक आवरताना ती जुनी कॅसेट हाताला लागली. आतला कागद काढला. घडीवर इतका झिजलाय की उलगडताना दोन तुकडे झाले. एकदा वाचलेला कागद असा झिजत नाही, अम्मारा. ते माझ्या पाठीमागे कितीदा तरी उलगडून बघत असणार. मी तुला लिहिलं होतं ना, “पोराचं नाव बघतोय” म्हणाले? पोराचं नाव तर वर, एवढं मोठं छापलंय, ते शोधावं लागत नाही. ते स्वतःचं शोधत होते. तीन दिवस मुंबईत काय केलं ते मला आल्याबरोबर का नाही सांगितलं, हेही मग कळलं. कॅसेट आली की कागद माझ्या हातात ठेवून म्हणणार होते, वाच. आणि नाव नाही म्हटल्यावर कापडाचं खोटं जन्मभर तसंच चालवलं. आणि मी मूर्ख वीस वर्षं त्यांना कापडावरून चिडवत राहिले! त्या दिवशी खूप रडले. आता डोळ्याला चालतं.

मग तुझा नवा कागद घेतला आणि मागचं दार उघडलं. पायरीवर उभी राहून मोठ्याने वाचला. ‘ढोल: चाँदभाई तांबोळी, लोणावळा.’ दोनदा वाचला, कारण ह्यांनाही शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं. नवाजलाही सांगितलं, की एवढीशी गोष्ट होती रे, ताट बाजूला सारून बोलला असतास तर ते काही तुला जेवल्याशिवाय उठवणार नव्हते. त्यांनी तुला माफ केलं होतं की नाही हे मला माहीत नाही. पण दर ईदला पहिला तुकडा तुझ्याच ताटात पडायचा, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

आता दगडाचं. कबरीवर काही नको. ग्रॅनाइट नको, सोनं नको. चाफा पुरे आहे. जमातीलाही तेच बरं वाटलं. पण भिंत माझी आहे, भिंतीवर मला कोण अडवणार? बँडची जुनी पत्र्याची पाटी माळ्यावर पडून होती. निवृत्तीभाऊंनी तिच्या मागच्या बाजूला पांढरा रंग दिला आणि वर लिहिलं, ‘ढोल: चाँदभाई तांबोळी. गिटार, गळा आणि बेंजो: नवाज मुलाणी.’ खाली मी बारीक अक्षरात घालायला लावलं, ‘दम: जानू.’ पाटी फाटकाच्या बाजूने तोंड करून लावली आहे. चप्पल काढायचंही तिच्यावरच लिहिलंय, ओरडून घसा बसतो माझा.

काल लोणावळ्याहून चैताली आली होती. कॉलेजात आहे, गिटार शिकते, महिन्यातून एकदा येते. पाटी वाचून गोंधळली. भिंतीपलीकडून म्हणाली, “आजी, नेटवर लोक भांडतायत. नवाजची कबर नक्की कुठली आणि तुमच्या मिस्टरांची कुठली?”

मी म्हटलं, “वरचा तुमचा, खालचा माझा. फूल एकच ठेवलंस तरी दोघांना पोचतं.”

तिने फूल ठेवलं. मग खाली वाकून जमिनीवर हाताने ठोके दिले आणि चौथ्या फेरीला एक सोडला. मला ऐकू आलं नाही, पण तिचा हात कुठे थांबला ते दिसलं. बरोबर थांबला.

दोन जुलैला ये. बायकांनी आत जायचं नाही, तर माझ्या पायरीवर दोघी उभ्या राहू, तिथून छान दिसतं. हळू खात असशील तर भाकऱ्या जास्त टाकीन.

चैतालीला मी तसं म्हणाले खरं, वरचा तुमचा म्हणून. घरात येऊन चहा ठेवला तेव्हा वाटलं, चुकीचं सांगितलं. वरचाही माझाच आहे.

तुझी दादी,
जाहिदा